पाताळेश्वर 'बांधलेलं' नाही

श्रावण लागला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, दगड लांबून आणून रचले.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवाच दोनदा आला, म्हणून हा खुलासा.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे दगड रचलेलाच नाही. हे लेणं आहे, जागच्या काळ्या बसाल्टात कोरून काढलेलं. रस्त्यावरून आपण पायऱ्या उतरून खाली जातो, ते याचमुळे: कारागिरांनी खडक वरून खाली फोडत नेला आणि अंगण मोकळं केलं. अंगणातला नंदीचा मंडप गोल आहे. त्याचे खांब आणि वरचं जाडजूड छत्रीसारखं छत हात लावून पाहा, कुठेही सांधा लागत नाही.

काळ म्हणाल तर आठवं शतक, राष्ट्रकूटांचा. लेण्याचं काम बरंचसं अर्धवट सोडलेलं दिसतं. खांब साधे, चौकोनी. कोरीवकाम फारसं नाही. एका रात्रीत उरकल्याच्या गोष्टीला यातूनच खतपाणी मिळालं असावं, असं मला वाटतं. आपल्याकडे अपुरं लेणं दिसलं की पांडव आणि कोंबडा आरवणं आलंच!

शेजारचं जंगली महाराजांचं मंदिर मात्र वेगळं. महाराजांनी १८९० साली समाधी घेतली. दोन्ही आवार लागून असल्याने मेसेजवाल्यांनी तेही 'पांडवकालीन' करून टाकलंय.