गुडघ्यातलं ग्रीस संपत नसते राजेहो

सध्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तो मेसेज फिरून राहिला, की चाळीशी झाली म्हणजे गुडघ्यातलं ग्रीस संपते, उकिडवं बसणं न् पायऱ्या चढणं बंद करा, गुडघा कटकट वाजला म्हणजे हाडावर हाड घासते, आणि बाभळीच्या शेंगांची पावडर खाल्ली की ग्रीस परत भरते. लोकं खरं मानून ऱ्हायले म्हणून लिहितो.

आधी ग्रीसचं. ते असते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट पाणी, आणि चांगल्या गुडघ्यात एक चमचाभरही नसते. सांध्याच्या आतलं अस्तर ते रक्तातून सतत बनवते, जुनं शोषल्या जाते, म्हणून टाकी रिकामी व्हायचा प्रश्नच नाही. उलट सुजलेल्या गुडघ्यात ते जास्त साचते, डॉक्टर सुईनं काढतात ते हेच. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या पाण्यातून होते, आणि पाणी आतबाहेर व्हायले गुडघ्यावर दाब पडला पाहिजे न् सुटला पाहिजे, म्हणजे चालणं, उठणं, बसणं. आता तेच बंद करा म्हणणाऱ्याले काय म्हणावं बाप्पा!

उकिडवं बसू नका म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. आपण उकिडवं बसून उठतो तवा मांडीच्या पुढचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करते, गुडघ्याची वाटी त्याचा जोर वाढवते, कुल्ल्याचा मोठा स्नायू कंबर वर आणते आणि पोटऱ्या तोल धरतात. दिवसभर खुर्चीत बसून हे स्नायू ढिले पडले की सगळा भार सांध्यावर जाते. पण शेतात तण निंदणाऱ्या बाया सकाळपासून उकिडव्याच सरकत राहतात, वर्षानुवर्षं, ते वेगळं. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या लोकांच्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन्तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसली होती. म्हणून निंदताना एक ओळ संपली की उभं राहा, चार पावलं चाला, मधातच बूड टेकवून बसा. मुकादम बोंबलला तर बोंबलू द्या. आणि ज्याचा गुडघा आधीच दुखते त्यानं संडासले खुर्ची लावली तर त्यात लाज कायची?

कटकट आवाज नुसता असंन, दुखत नसंन, तर सोडून द्या. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 60 वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दोन्ही हातांत संधिवात नाही निघाला, 2009 मध्ये त्याले इग नोबेल भेटलं, म्हणजे आधी हसवणाऱ्या न् मंग विचार करायले लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. एकाच माणसाचा प्रयोग आहे म्हणा, पण मेसेजवाल्यानं तेवढाही नाही केला. आवाजासोबत सूज असली, गुडघा अटकत असला, तर डॉक्टरकडे जा.

पायऱ्या चढताना दुखत नसंन तर खुशाल चढा, उतरताना कठडा धरा. वजन जास्त असंन तर ते उतरवा, 1 किलो कमी झालं की प्रत्येक पावलाले गुडघ्यावरचा जवळपास 4 किलो भार कमी होते.

रायली पावडर. पोटात गेलेलं पचते, ते जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. शेंगा बकऱ्यायले राहू द्या, त्यायले आवडतात. तुम्ही खाटेवर पाय लांब करून बसा, मांडी आवळा, गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा, मंग दुसरा पाय.