आठ वर्षं वापरलेल्या गाडीचा हिशेब

पुण्याला फोन लावला की आतेभावाशी गाडीचा विषय निघतोच. त्याला नवी गाडी घ्यायचीय. इलेक्ट्रिक की पेट्रोल, यावर त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन महिने खल चाललाय. बॅटरी गेली की गाडी भंगारात, शोरूमचा भाव जास्त, लांब जायचं तर रेंज पुरत नाही, आणि वीज शेवटी कोळशाचीच, असे मुद्दे. मी नॉर्वेत, बर्गनला राहतो. माझी इलेक्ट्रिक गाडी आठ वर्षांची झाली, सव्वा लाख किलोमीटर धावली.

नॉर्वेचं उदाहरण उचलून थेट पुण्यात ठेवता येणार नाही, हे मला मान्य आहे. २०२४ मध्ये इथे विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. त्यामागे अनेक वर्षांची करसवलत आहे. २००१ पासून इलेक्ट्रिक गाडीला २५ टक्के व्हॅट माफ होता; २०२३ मध्ये तो पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर लागू झाला. पेट्रोल गाडीवर मात्र जबर कर. वीजही बहुतेक सगळी पाण्यावर तयार होणारी. आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के जीएसटी आहे, पण इलेक्ट्रिक आणि पेट्रोल गाडीच्या किमतीतलं अंतर तेवढ्याने मिटत नाही.

पण गाडी दारात आल्यावर काय होतं, ते कुठल्याही देशात फारसं बदलत नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, टायमिंग बेल्ट नाही. आठ वर्षांत मी टायर बदलले (गाडी जड, त्यामुळे ते लवकर झिजतात), बारा व्होल्टची छोटी बॅटरी एकदा बदलली, शिवाय एसीचा फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड. एकच खर्च अनपेक्षित निघाला. तपासणीत मेकॅनिकने मागच्या चाकाच्या डिस्कवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं: तांबूस गंजाचे पापुद्रे. पॅड जवळजवळ नवे होते. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते, म्हणून खरे ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत आणि पावसात गंजतात. आता आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक दाबतो. कोकणातल्या मालकांनीही हे करावं.

आता बॅटरी. नवीन होती तेव्हा उन्हाळ्यात २३० किलोमीटर जायची, आता २०० जाते. जानेवारीत १५० वर येते, पण थंडीतली ही घट वसंतात भरून निघते. उष्णतेने झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून माझ्या बॅटरीवरून नागपूरच्या बॅटरीचा अंदाज बांधू नका. द्रवाने थंड होणारी बॅटरी घ्या आणि भर उन्हात शंभर टक्के चार्ज करून गाडी ठेवू नका. भारतात बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात. व्हॉट्सअॅपवरच्या भीतीपेक्षा तो कागद नीट वाचावा.

भावाला मी साधा हिशेब मांडून दिला. वर्षाला १२ हजार किलोमीटर, शंभर किलोमीटरला १७ युनिट, युनिट १५ रुपयांनी धरलं तरी किलोमीटरला अडीच रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी सात रुपयांच्या आसपास खाते. वर्षाला पन्नास हजार वाचतात. शोरूममध्ये मोजलेले जादा पैसे आधी त्यातून फिटायला हवेत. म्हणजे तीन वर्षांत गाडी विकणाऱ्याला फायदा दिसणारच नाही. तो सगळा पाचव्या वर्षानंतर आहे. कोळशाचंही तसंच. बॅटरी बनवताना धूर जास्त होतो आणि तो किलोमीटरगणिक फिटत जातो. शिवाय ग्रिडमध्ये सौर वीज वाढेल तशी तीच गाडी आणखी स्वच्छ चालेल. जुन्या पेट्रोल गाडीचं असं होत नाही.

मात्र हा हिशेब घरच्या चार्जिंगचा आहे. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलात तर तो कोलमडतो. इथे नॉर्वेत रास्त कारण असल्याशिवाय सोसायटीला फ्लॅटमालकाची चार्जरची मागणी नाकारता येत नाही, असा कायदा आहे. तरी आमच्या इमारतीत दोन सभा भांडणात गेल्या: फ्यूज उडेल, केबलचा खर्च कोण करणार? शेवटी प्रत्येकाला स्वतंत्र मीटर बसवला, आणि लोड वाढला की सगळ्यांचं चार्जिंग आपोआप मंदावेल अशी सोय केली. आपल्याकडेही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, पण घोडं अडतं सोसायटीच्या एनओसीपाशी. सोसायट्यांनी रेंजपेक्षा यावर वाद घालावा असं मला मनापासून वाटतं. भावाला म्हटलं, आधी सॉकेट मिळव, मग गाडी बुक कर.

गेल्या रविवारी त्याने मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत टेप धरली: ३८ मीटर. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा म्हणून अर्जही दिलाय. आमच्या इमारतीत लोड कसा वाटून घेतला, त्याचा आराखडा मी त्याला पाठवतोय.