फिट्टंफाट

मागच्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीबरोबर मिसळ खायला गेले होते. पंचवीस वर्षांची मैत्री. बिल झालं 340 रुपये, ते तिनं दिलं. मला घरी पोचेपर्यंतही धीर निघाला नाही. रिक्षातच फोन काढला, 170 पाठवून दिले, खाली एक हसरा चेहरा. मनात म्हटलं, किती व्यवस्थित बाई आहे मी. रात्री तिचा मेसेज आला, "अगं, पुढच्या वेळी तू दिले असतेस की."

हे वाक्य मला चार दिवस टोचत राहिलं. तिनं पुढची वेळ राखून ठेवली होती आणि मी ती 170 रुपयांत मिटवून टाकली. (ती फेसबुकवर नाही, म्हणून हे लिहायची हिंमत करतेय.)

हा हिशेब आईला बरोबर जमायचा. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत शेजारच्या काकूंकडून स्टीलचा डबा यायचा, झाकणावर काकांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. आत कधी कोथिंबिरीच्या वड्या, कधी घावन. डबा रिकामा परत करायचा नाही, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्याच्या आत अजून एक नियम होता, तो मला फार उशिरा उमगला. एकदा मी डबा घासूनपुसून, घरातले चार लाडू घालून तासाभरात निघाले, तर आईनं दारातच अडवलं. "ठेव तो खाली. आत्ताच नेलास तर तोंडावर मारल्यासारखं होईल." मग डबा आठ-दहा दिवस फळीवर बसून राहायचा. एखाद्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी जरा जास्त व्हायची (मुद्दाम व्हायची, हे आता कळतं) आणि डबा पलीकडे जायचा. अगदीच काही नसलं तर तळाशी मूठभर साखर. म्हणजे, काकू, या खेपेला जमलं नाही, पण खातं चालू आहे.

आणि तेवढंच, तसंच परत द्यायचं नाही. वड्यांना वड्या नाहीत. सहा आल्या म्हणून सहा मोजून भरल्या तर तो वाण्याचा तराजू झाला.

आहेराचंही तेच. लग्नात कोपऱ्यात वही घेऊन बसलेले एक काका असायचेच. वही पुढे वर्षानुवर्षं कपाटात, आणि समोरच्यांच्या घरी कार्य निघालं की बाहेर. त्यांचे 101 आले होते, आपण 151 घालू. वरच्या एका रुपयाबद्दल आमचे आजोबा म्हणायचे, तो हिशेब पुरा होऊ नये म्हणून. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटायचं. हल्ली पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असतं, आणि त्यातली सोय मला मान्य आहे. मानपानाच्या साड्यांपायी किती घरांत अबोले झालेत ते मीही पाहिलंय. पण त्या वहीत नुसता लोभ होता असं म्हणणं बरोबर नाही.

मग रिक्षात मला एवढी घाई का झाली? कुणाचं काही अंगावर राहिलं की आपल्याला खाजच सुटते. 1971 साली डेनिस रीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे छान दाखवलं होतं. चित्रांना गुण द्यायच्या बहाण्यानं दोघांना एकत्र आणायचं, त्यातला एक रीगनचाच माणूस. मधल्या वेळात तो बाहेर जायचा आणि येताना समोरच्यासाठीही कोकाकोलाची बाटली घेऊन यायचा. काहीजणांसाठी नाही आणायचा. नंतर तोच विचारायचा, माझ्याकडे सोडतीची तिकिटं आहेत, 25 सेंटला एक, घेतोस का? कोक मिळालेल्यांनी साधारण दुप्पट तिकिटं घेतली. बाटली होती 10 सेंटची. आणि हा माणूस त्यांना आवडला होता की नाही, यानं फारसा फरकच पडला नाही. साडीच्या दुकानात बसल्या बसल्या चहा येतो तो याच हिशेबानं. चहा प्यायल्यावर नुसतं उठून जाणं मला तरी आजवर जमलेलं नाही.

पण दुकानदाराशी फिट्टंफाट करणं वेगळं आणि मैत्रिणीशी वेगळं. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नेमकं हेच तपासलं. तरुण मुलांना एका मुलीची कामात थोडी मदत करायला लावली. काहींना कळलेलं असायचं की ती विवाहित आहे, म्हणजे संबंध कामापुरता. काहींना कळायचं की ती या गावात नवी, एकटी, ओळखी करू पाहणारी आहे. मदतीनंतर ती कधी नुसतं थँक्यू म्हणायची, कधी वर लगेच परतफेडही करायची. कामापुरत्या संबंधात परतफेड करणारी मुलगी जास्त आवडली. जिथं मैत्री जमेल अशी आशा होती, तिथं लगेच परतफेड केली की ती कमी आवडली. आईनं डबा खाली ठेवायला सांगितला होता तो उगीच नाही.

आता कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच की मग नात्यात हिशेब ठेवूच नये. हे मला पटत नाही. 'आपल्या माणसांत कसला हिशेब' हे वाक्य मी बहुतेक वेळा ज्याला जास्त मिळत होतं त्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि ते ऐकवलं जातं घरातल्या बाईला. हिशेब सगळेच ठेवतात, आणि चुकीचा ठेवतात. नवराबायकोला वेगवेगळं विचारलं की घरकामातला तुमचा वाटा किती, तर दोघांची बेरीज शंभराच्या वर जाते, हेही 1979 च्याच एका अभ्यासात निघालं होतं. साधं आहे. मी दूध तापवताना ओट्याशी मी असते; नवरा गॅसच्या नंबराला लागतो तेव्हा मी झोपलेली असते. आपलं प्रत्येक काम आपण पाहिलेलं असतं. हे कळल्यापासून आमच्याकडे भांडणं थांबली असं नाही, पण 'सगळं मीच करते' म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो.

याहून अवघड माणूस म्हणजे फक्त देणारा. आई म्हातारपणी तशी झालीय. डबे पाठवते, पण शेजारची सून भाजी निवडून देते म्हणाली तर नको. "कुणाचं ओझं नको गं." ती सून बिचारी दारात उभी राहून वाट बघते, काहीतरी काम सांगा म्हणून. आयुष्यभर दुसऱ्याचा डबा आठ दिवस फळीवर ठेवणारी बाई आता एक दिवसही ठेवून घेत नाही. मी तिच्याशी वाद घातला, जिंकले नाही. आणि रिक्षात मी तिच्यापेक्षा वेगळं काय केलं?

होळीच्या आधी मैत्रिणीला फोन केला, म्हटलं पुरणयंत्र दे. माझं माळ्यावर आहे, चांगलं चालतं, ते तिला सांगितलं नाही. ती स्वतः घेऊन आली, वर पुरण किती सैल ठेवायचं यावर मला दहा मिनिटं ऐकवून गेली. पोळ्या होऊन दोन आठवडे झाले. यंत्र अजून आमच्याच फळीवर आहे.