पोट कुरतडणाऱ्या अळ्यांचा मेसेज माझाच, आणि तो चुकीचा आहे

‘मीलवर्मची जिवंत अळी गेकोच्या पोटातून कुरतडत बाहेर येते, म्हणून डोकं ठेचूनच द्या,’ असा मेसेज आपल्या सोलापुरात फिरतोय. (गेको म्हणजे पाळीव पाल, आणि मीलवर्म म्हणजे तिला खायला द्यायची भुंगेऱ्याची अळी.) गेल्या महिन्यात तो मीच टाकला होता. ऐकीव होता, चूक माझी.

गेको भक्ष्य जबड्यात दाबून, चावून गिळतो. पोटात आम्ल असतं आणि श्वासाला हवा नसते. अळी तिथे जगत नाही. मेसेजनंतर मी आमच्या गेकोला सगळ्या अळ्या न ठेचता दिल्या. विष्ठा पाण्यात फोडून पाहिली, तर आत नुसती तपकिरी टरफलं.

मग हा समज आला कुठून? न खाल्लेल्या अळ्या किंवा क्रिकेट किडे (रातकिडे) रात्रभर पेटीत राहिले, तर ते झोपलेल्या किंवा आजारी गेकोला बाहेरून चावू शकतात. उरलेले किडे उचलून घ्या, एवढंच. खरी काळजी कॅल्शियमची. या किड्यांत ते फार कमी, म्हणून भुकटी लावून द्यावी लागते.

‘घरात अळ्या वाढवल्या की ज्वारीला कीड लागते’ हेही पुढे जोडलंय, ते माझं नाही. या अळ्यांचे पुढे भुंगेरे होतात आणि ते धान्य खातात हे खरं, पण गुळगुळीत प्लॅस्टिकच्या ट्रेवर त्यांना चढता येत नाही. माझा ट्रे गव्हाच्या कोंड्याचा, वर गाजराची चकती. कणगीपासून लांब ठेवलाय, आईच्या हुकमावरून! एप्रिलमध्ये मात्र पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हानं माझ्या निम्म्या अळ्या मेल्या.

जुना मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी तो काढून टाका आणि त्याच ग्रुपवर हा टाका.