पाऊस आला की वीज येते, त्या बेटावर

साठीला काय हवंय, असं चिरंजीवांनी विचारलं तेव्हा मी "काही नको" म्हटलं. आई "काही नको" म्हणाली की काय करायचं हे ग्लासगोत आठ वर्षं राहूनही त्याच्या लक्षात आहे. मे अखेरीस आम्ही दोघं तिकडे गेलो तर चार रात्रींचं बुकिंग तयार. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर, म्हणे 'लक्झरी इको लॉज'. एका रात्रीचं भाडं त्यानं सांगितलंच नाही. सूनबाईनं सांगितलं. मग मी रात्रभर झोपले नाही.

खरं सांगायचं तर 'इको' या शब्दाशी माझं फारसं बरं नाही. कोकणातल्या एका इको रिसॉर्टमध्ये (नाव नको) बांबूची झोपडी होती, शेणानं सारवलेलं अंगण होतं, आणि खिडकीखाली पहाटेपर्यंत डिझेलचा जनरेटर धडधडत होता. खोलीत मात्र कार्ड: टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. तेव्हापासून टॉवेलवरचं कार्ड दिसलं की मी आधी जनरेटर शोधते.

बेटाचं नाव एग. अंड्याशी काही संबंध नाही, स्पेलिंगमध्ये एक आय जास्त आहे. ग्लासगोहून मॅलेगपर्यंत रेल्वेनं पाचेक तास. वाटेत ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल येतो तेव्हा अख्खा डबा मोबाइल घेऊन एका बाजूला होतो, आम्हीही झालो. मॅलेगहून बोटीनं सवा तास. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब, पाच रुंद, वस्ती शंभर-सव्वाशे माणसांची. बोटीतून आधी दिसतो तो स्गूर नावाचा काळा कडा, ३९३ मीटर. मला एकदम लिंगाणा आठवला. तेही ज्वालामुखीचंच काम, सुमारे ५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचं. आपला सह्याद्रीचा कातळ त्याहून थोडा वडीलधारा.

लॉज सुंदर होतं, उगाच नावं ठेवणार नाही. लाकडी घर, भिंतींच्या पोटात मेंढीची लोकर भरलेली, एक लोखंडी शेगडी आणि समोर भलीमोठी काच. काचेपलीकडे समुद्र आणि त्यापलीकडे रम बेटाचे डोंगर. रात्री दहापर्यंत उजेड. टीव्ही नाही. टॉवेलवर कार्ड नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र एक कागद होता : या घराला एका वेळी ५ किलोवॅट मिळतात.

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त. डोंगर, समुद्र, सूर्यास्त सगळं सोडून हे त्या कागदापुढे उभे. "सँक्शन लोड लिहून ठेवलाय बघ!"

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तो लोड ओलांडला. मी इंडक्शनवर खिचडी टाकली होती, चिरंजीवांनी चहाची किटली लावली, आणि सूनबाईनं ड्रायर सुरू केला. फट्. अंधार नाही झाला, कारण तिथे अंधार होतच नाही, पण सगळं बंद. फोन केल्यावर बेटावरचाच एक गृहस्थ आला, देखभालीच्या टीममधला. वीज जोडून दिली, त्याचे पैसे पडतात हेही हसतहसत सांगितलं. ह्यांनी त्याला खिचडीला बसवून घेतलं आणि दोन तास सोडलं नाही. पुढची बरीचशी माहिती त्या खिचडीची कमाई आहे.

एगला मुख्य भूमीवरून वीज येत नाही. समुद्राखालून केबल टाकायचा खर्च झेपणारा नव्हता. २००८ पर्यंत घरोघरी आपापले डिझेल जनरेटर होते, म्हणजे माझं कोकणातलं रिसॉर्टच. त्या वर्षी फेब्रुवारीत बेटाची स्वतःची वीज कंपनी सुरू झाली. ओढ्यांवरचं जलविद्युत (मोठा संच १०० किलोवॅटचा), चार छोट्या पवनचक्क्या, सोलर पॅनेल, मधे बॅटऱ्या, आणि अगदीच अडलं तर डिझेल. तारा सगळ्या जमिनीखालून. घराला ५ किलोवॅट, धंद्याला १०. वर्षभरातली बहुतेक वीज पाणी, वारा नि उन्हाचीच. जास्त पैसे भरतो, जास्त लोड द्या, हे चालत नाही. ह्यांना सगळ्यात हेच आवडलं. "सगळ्यांना सारखाच!" हे वाक्य त्या रात्री किमान सहा वेळा ऐकलं.

मी विचारलं, उद्या पाऊस आहे का हो? मला रेती पाहायला जायचं होतं. बेटाच्या एका किनाऱ्यावरची रेती कोरडी असेल तर पायाखाली कुईंकुईं वाजते. तो म्हणाला, पडला तर बरं, ओढे आटलेत. तिकडे पाऊस आला की वीज येते. आमच्याकडे वळवाचा पहिला थेंब पडला, आंब्याची फांदी तारेवर आली, की वीज जाते. त्याला हे सांगितलं तर त्याला ते आमच्यापेक्षा मजेशीर वाटलं.

पण मला लिहायचंय ते विजेबद्दल नाही, सातबाऱ्याबद्दल. हे बेट पिढ्यान्पिढ्या कुणा ना कुणा मालकाचं होतं. मालक बदलायचे, माणसं बेटासकट विकली जायची. घराला पक्का करार नाही, उद्याचा भरवसा नाही. कोण कशाला लोकर भरेल भिंतीत? लोकांनी पैसे गोळा केले, बाहेरच्या हजारो लोकांनी वर्गणी पाठवली, नाव न सांगता एकीनं मोठी रक्कम दिली, आणि सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतलं. १२ जून १९९७ला बेट बेटाच्या नावावर झालं. पवनचक्क्या त्यानंतर अकरा वर्षांनी. क्रम बघा. आधी जमीन, मग वीज, मग आमच्यासारख्यांसाठी काचेची खिडकी.

आपल्याकडे आपण हा क्रम उलटा लावतो. जमीन मुंबई-पुण्याच्या माणसाची, गावातला मुलगा तिथे वेटर, आणि बांबू लावला की झालं इको. आपल्याला हे जमत नाही असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, पुढे शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावावर केल्या. पण तिथे खिडकीतून समुद्र दिसत नाही, म्हणून आपण रील करत नाही.

आता कुणी विचारायच्या आत मीच सांगते : हजारो किलोमीटर विमानानं जाऊन पाच किलोवॅटचं कौतुक करणं हास्यास्पद आहे. आहेच. हायलंड्समध्ये पर्यटकांच्या घरांमुळे तिथल्या तरुणांना राहायला घर मिळत नाही, ही ओरडही खोटी नाही. आणि भाडं मला अजून पटलेलं नाही. पण श्रीमंत पाहुण्याला "बाई, आधी किटली बंद करा" असं सांगणारी जागा मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ती आवडली.

रेती वाजली. निघायच्या दिवशी पाऊसही आला, धो धो. बोटीची वाट बघत धक्क्यावर आम्ही चिंब, आणि हे खूश. ओढे भरले, बॅटऱ्या भरल्या की जास्तीची वीज बेटावरच्या हॉलमधल्या नि चर्चमधल्या हिटरला जाते, असं त्यांना त्या गृहस्थानं सांगितलं होतं.

जूनमध्ये परत आलो. पहिल्या मोठ्या पावसात दिवे गेले. मी मेणबत्ती शोधत होते. हे खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तिकडे आत्ता चर्च गरम झालं असेल."