शुगर बिघडते ती पावसाळ्यात

डायबेटीसवाल्याने आंबा खावा की नाही, यावर दर एप्रिलात आमच्याकडे घरोघरी वाद होतात. माझं मत विचाराल तर आमच्या किनारपट्टीवर शुगर आंब्यापेक्षा जून ते सप्टेंबरातच जास्त बिघडते. आंब्याच्या फोडीवर अख्ख्या घराचा डोळा असतो. पावसाळ्यातल्या ताटाकडे कोणी ढुंकून बघत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. एरवी भातासोबत दोन बांगडे नाहीतर पेडव्यांचं तिखलं असतं. ते गेलं की उरतो भात. सकाळी पेज, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात, तोंडी लावायला लोणचं-पापड. माशाची जागाही भातानेच भरून निघते. पावसामुळे चालणं बंद. पाठोपाठ श्रावण, उपास, साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्टच. मग गणपती. त्यानंतर एचबीएवनसी करायची आणि आकडा बघून कपाळाला हात लावायचा. ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आखाड-श्रावणातलं सगळं त्यात उतरतं.

यावर मुंबईचे नातेवाईक फोनवरून ओट्स आणि किनोआ सुचवतात. सुचवू देत. आमच्या काकी म्हणतात, "भात नाय खाल्लो तर जेवल्यासारख्या वाटणा नाय." ते खरंच आहे, म्हणून मी भात सोडा असं कोणाला सांगत नाही. डोंगर कमी करा, एक वाटी मोजून घ्या आणि तो शेवटी खा. आधी भाजी, उसळ, अंडं किंवा मासा पोटात गेला की जेवणानंतरची साखर त्यामानाने कमी चढते.

दुसरा गैरसमज नाचणीचा. नाचणी चांगलीच, कॅल्शियम भरपूर. पण तिच्या 100 ग्रॅम पिठातही 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. "नाचणीच आहे" म्हणत तीन भाकऱ्या रिचवल्या तर शुगर चढणारच. आणि चोथा गाळून काढलेलं सत्त्व, वर गूळ! गूळ म्हणजे औषध हे कोणी ठरवलं, देव जाणे. रक्तात गेल्यावर तो साखरच.

आता कुळीथ. 100 ग्रॅम कुळथात 20 ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, शिवाय दर्याला उधाण असलं तरी तो डब्यात असतो. पण आपण करतो काय, तर पिठी. अख्ख्या घराला मिळून चार चमचे पीठ, बाकी पाणी, लसूण आणि आमसूल. चवीला तोड नाही, पण प्रथिनं नावालाच, वर तिच्यासोबत भात दुप्पट जातो. त्यापेक्षा मोड आलेल्या कुळथाची घट्ट उसळ करा आणि वाटीभर खा. जोडीला टाकळा, कुर्डू, अळू आहेतच. टाकळ्यात फणसाच्या आठळ्या घालत असाल तर त्या दिवशी भात आणखी थोडा कमी, कारण आठळीत पिष्ट बरंच असतं.

सुकट, सुके बांगडे चालतील, पण प्रेशर असेल तर मिठाचं बघा. दोनदा पाण्यात भिजवून, पाणी फेकून मग करा. किडनीचा त्रास असेल तर मासे, उसळ, खारं किती खायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

उपासाचं मात्र मला मनापासून भय वाटतं. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पोट रिकामं ठेवलं तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. श्रावणी सोमवार करायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

आणि मोदक? उकडीचा एक मोदक जेवणातच खा, त्या दिवशी भाताला सुट्टी. "एवढ्याशाने काय होतंय, अजून एक घे" म्हणत तुमच्या ताटात दुसरा वाढणाऱ्यांनी ही पोस्ट जरूर वाचावी.