पंप ज्याच्या पाठीवर

ऑगस्टमध्ये ऑफिस सुटलं की स्वित्झर्लंडमधल्या बाझलची माणसं अंगावरचे कपडे माशाच्या आकाराच्या एका पिशवीत कोंबतात, तिचं तोंड गुंडाळून बंद करतात आणि ऱ्हाइनमध्ये उतरतात. हातपाय फारसे मारावे लागत नाहीत, प्रवाहच पुढं नेतो. मीही जातो. हीच नदी 1 नोव्हेंबर 1986 ला लाल झाली होती, हे मला आमच्या इमारतीतल्या आजींनी सांगितलं. शहराला लागून असलेल्या श्वाइत्सरहालेत सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला रात्री आग लागली. विझवताना मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन नदीत गेलं. पहाटे भोंगे वाजले, खिडक्या लावून घ्या म्हणून सांगितलं गेलं, आणि पुढं कितीतरी अंतरापर्यंत नदीतले ईल मासे मेले. सडक्या अंड्यांसारखा तो वास आजींना अजून आठवतो.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथं 2017 च्या खरिपात जवळपास 800 शेतकरी-शेतमजुरांना फवारणीतून विषबाधा झाली, 20 हून जास्त माणसं गेली. भोंगा काही वाजला नाही. बातमी व्हायलाही सप्टेंबर उलटावा लागला.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: युरोपात बंदी असलेलं विष आपल्याला विकतात. खाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग लागते आणि मग कोणीतरी मला लिहितं, "तू तर त्याईच्याच गावात राहतं, विचार न त्याईले."

मेसेज खोटा नाही. डायफेनथियुरॉन हे पांढऱ्या माशीवरचं कीटकनाशक स्वित्झर्लंडच्या शेतात वापरता येत नाही, आणि यवतमाळच्या त्या हंगामातल्या संशयितांत त्याचं नाव होतं. ते बनवणाऱ्या सिंजेंटाचं मुख्यालय बाझलमध्येच आहे. वाचलेला एक शेतकरी आणि दोन मृतांची कुटुंबं दाद मागायला थेट इथल्या न्यायालयापर्यंत आली. कंपनीला आरोप मान्य नाहीत. 2021 पासून स्वित्झर्लंडनं डायफेनथियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट यांच्यासह पाच कीटकनाशकं-तणनाशकांची निर्यात बंद केली. उशिरा केली, पण केली.

म्हणून बाझलवर राग काढायला माझी हरकत नाही. या शहराचा त्यावर हक्कच आहे म्हणा ना. डीडीटी कीटक मारतं हे 1939 मध्ये इथल्याच गायगी कंपनीच्या पॉल म्युलरनं शोधलं आणि 1948 मध्ये त्याला नोबेल मिळालं. मलेरियातून वाचलेल्यांच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. पुढं डीडीटी आणि एंडोसल्फानच्या पिढीतली औषधं माती-पाण्यात वर्षानुवर्षं राहतात म्हणून मागे पडत गेली. तोवर ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचं राज्य आलं होतं; प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस त्यातलीच. ती लवकर विरतात. पण मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारं एक विकर (एन्झाइम) ती जखडून टाकतात, अळीचंही आणि माणसाचंही. मग घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, आणि ॲट्रोपीन या उताऱ्यासाठी धावाधाव.

माझी तक्रार त्या मेसेजच्या सोयीस्करपणाबद्दल आहे. स्विस निर्यात थांबली म्हणून यवतमाळच्या दुकानातलं प्रोफेनोफॉस थांबत नाही, कारण ते आपल्याच कारखान्यांत बनतं आणि 1968 च्या आपल्याच कायद्याखाली त्याची नोंदणी होते. मोनोक्रोटोफॉसचं पाहा. 2005 पासून ते भाजीपाल्यावर वापरायला बंदी होती, कपाशीवर चालत होतं. बाटली एकच. विकत घेणारा ती वांग्यावर मारणार की पऱ्हाटीवर, हे गल्ल्यावरच्या माणसानं ओळखायचं कसं? 2013 मध्ये बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या शाळेत 23 मुलं माध्यान्ह भोजनातून गेली ती याच विषानं. यवतमाळनंतर राज्य सरकारनं नेमलेल्या विशेष तपास पथकानंही त्यावर बंदीची शिफारस केली. बंदी आली 2023 मध्ये. एवढी वर्षं आपल्याला बाझलनं अडवलं नव्हतं.

बरं, इथली चर्चाही काही आदर्श वगैरे नाही. जून 2021 मध्ये कीटकनाशकांवर दोन सार्वमतं झाली. एकात कृत्रिम कीटकनाशकं पूर्ण बंद करा अशी मागणी होती, दुसऱ्यात ती वापरणाऱ्यांचं सरकारी अनुदान बंद करा अशी. क्लोरोथॅलोनिल नावाच्या बुरशीनाशकाचे अंश भूजलात सापडल्यानं वातावरण आधीच तापलेलं. शेताशेतांत "दोनदा नाही"चे फलक लागले होते. दोन्ही प्रस्ताव साधारण साठ टक्के मतांनी पडले. होकार देणारा कॅन्टन (म्हणजे इथलं राज्य) एकच, बाझल शहराचा. शेती नसलेल्या शहरानं शेतीला शिकवणं म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

त्या सगळ्या वादात पाणी होतं, मधमाश्या होत्या, बटाट्याचे भाव होते. फवारणारा माणूस जवळजवळ नव्हता, आणि ते समजण्यासारखं आहे: इथला शेतकरी परवाना घेऊन, ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसून फवारतो. आपण मात्र हीच चर्चा जशीच्या तशी उचलली. सेंद्रिय बाजार, रासायनिक अंश नसलेली भाजी, मुलांच्या डब्यात काय जातंय याची धास्ती. सगळी काळजी खाणाऱ्याची. कापूस तर कोणी खात नाही, मग त्यावर फवारणाऱ्याची आठवण कोणाला आणि कशी व्हावी?

ठरवलं तर आपल्याला जमतं, हे नाशिकच्या द्राक्षांनी दाखवलेलं आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपले कंटेनर अडवले तेव्हा केवढी पळापळ झाली! आज निर्यातीच्या बागेच्या प्लॉटची नोंद अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर असते, माल जाण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि परदेशातल्या पेटीवरून शेतापर्यंत माग काढता येतो. कधीतरी मार्चमध्ये इथल्या दुकानात भारतातली द्राक्षं दिसतात. ती हातात घेतली की अभिमान वाटतो आणि लगेच थोडी लाजही वाटते. माझ्या तोंडात काय जातंय याचा हिशोब आपण मिलिग्रॅममध्ये ठेवतो. दादाच्या नाकात काय गेलं याची चिठ्ठीसुद्धा नसते.

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. 2017 मध्ये त्याच्या वावरात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं फवारण्या वाढलेल्या, हवा कुंद. नोझल वर धरून मारायचं, म्हणजे तुषार परत आपल्याच अंगावर. ड्रमात दुकानदारानं दिलेली दोन-तीन औषधं एकत्र, झाकणानं मोजलेली, काडीनं ढवळलेली. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. त्याला एका दुपारी अंधुक दिसायला लागलं, तो धुऱ्यावर बसला, पोरांनी मोटारसायकलवरून नेलं. चार दिवसांनी घरी आला. पंप दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं मागून नेला.

नंतरच्या वर्षी गावात सुरक्षा किट वाटले. मी फोनवर शहाणपणा केला, वापरत जा म्हणून. दादा म्हणाला, "तो झगा घालून सप्टेंबरात दहा मिनिटं पऱ्हाटीत उभा राहून दाखव. औषधानं मराच्या आंधी मानूस गरमीनंच मरते." आणि आमच्याकडे सगळं औषधच असतं: पिकाचं, तापाचं, आणि कर्जाला कंटाळलेला माणूस "औषध घेतो" तेही. जर्मनमध्ये याला "रोप-संरक्षक साधन" म्हणतात, तेही काही कमी गोड नाही.

दादाचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबत एक आचारसंहिता आहे. तिच्या कलम 3.6 मध्ये म्हटलंय की जी कीटकनाशकं हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. मला तर वाटतं, आपल्या नोंदणी समितीनं ही एकच कसोटी लावावी: विदर्भातल्या सप्टेंबरात, पाठीवरच्या पंपानं, रोजानं आलेल्या माणसाला हे झेपेल का? नसेल, तर ते युरोपात चालतं की नाही हे बघायचीही गरज नाही. यादीतली बरीच नावं गळतील, कदाचित एक-दोन हंगाम उत्पन्नाला फटकाही बसेल. त्याची भरपाई कोण देणार हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.

मागच्या रविवारी मी ते कलम दादाला मराठीत करून वाचून दाखवलं. तो गप्प ऐकत होता. मागे कोणीतरी पंपात पाणी भरत असल्याचा आवाज येत होता.

"हे कोनं लिवलं?"

म्हटलं, संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांनी.

"बरं लिवलं. आमच्या कृषी केंद्रवाल्याले पाठवजो."